मनकर्णाची पाचवी

"पाचवीपासून इंग्रजी सुरू होते," कनीजबाई म्हणाल्या, "आणि प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक."

धानोऱ्याच्या शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसलेल्या आईबापांत कुजबुज झाली. चौथी पास झालेल्या मुलांच्या पालकांना शाळेनं बोलावलं होतं. तेंदूपानांचा हंगाम तोंडावर आलेला, ऊन मी म्हणत होतं, तरी टोल्याटोल्यांवरून, रानातल्या वस्त्यांवरून माणसं आली होती. अगदी पुढे हेटीटोल्याची मनकर्णा रामटेके बसली होती आणि तिला चिकटून तिची एकुलती एक मुलगी विशाखा. बाईंचा एकही शब्द सांडू नये म्हणून मनकर्णानं पदरसुद्धा कानामागे खोचला होता.

कनीजबाई चंद्रपूरच्या, बांगडीवाल्या बाबूभाईंच्या कन्या. बाप गिऱ्हाइकापुढे बांगड्यांचे तोडे उलगडून ठेवायचा तशी ही एकेक गोष्ट लोकांपुढे मांडत होती. लांबच्या टोल्यावरच्या मुलींसाठी वसतिगृह आहे, राहणं-जेवण तिथेच. पुस्तकं विकत घ्यायला नकोत; पुस्तकपेढीतून मिळतील, वर्ष संपलं की नीट परत करायची. हुशार मुलांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता येईल, त्याची तयारी शाळाच करून घेईल. आणि कार्यानुभव म्हणून शिवण, बागकाम किंवा बांबूकाम, यातलं एक निवडायचं.

"आई, बांबूकाम," विशाखा कुजबुजली.

शाळा समितीचे वामनराव खुर्चीवरून म्हणाले, "पोरींनी शिवण घ्या. बांबूकाम पोट्ट्यांचं."

मनकर्णा उठून उभी राहिली. आपण उठलो हे तिला उभं राहिल्यावर कळलं. "काऊन भाऊ? बुरडाच्या घरी तं बायाच टोपल्या इणतात. मंग साळेतच काऊन नाई?"

मागच्या बाया हसल्या. वामनरावांनी कनीजबाईंकडे पाहिलं. "जिला जे पाहिजे ते घेऊ द्या," बाई म्हणाल्या. विशाखानं आईचं बोट इतकं जोरात दाबलं की मनकर्णाला कळ आली. पण त्या कळेनं तिला बळच आलं. ती खाली बसलीच नाही.

"बाई, आणखी एक इचारतो. चौथी करून जिची साळा सुटली, तिच्यासाठी काई हाये का?"

"कोणाची सुटली?"

"माही."

आता मात्र सगळा व्हरांडा हसला. वामनराव तर गुडघ्यावर हात मारून हसले. "अरे बापा! मायलेकी एकाच बाकावर बसतीन का?"

कनीजबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. "आहे," त्या म्हणाल्या. "चंद्रपूरला. एक महिला मंडळ चालवतं. मोठ्या बायांसाठी सातवीपर्यंतचा अभ्यास थोडक्यात करून घेतात. राहायची सोय आहे. सरकारची मदत असते त्याला. इंग्रजी घ्यायचं की नाही ते आपल्या मर्जीवर. नाही घेतलं तर अभ्यास हलका, पण मग सातवीवरच थांबावं लागतं. घेतलं तर पुढे दहावीलाही बसता येतं. खरंच विचारता आहात ना?"

"खरंच तं!" मनकर्णा म्हणाली, आणि मग तिला एकदम घाम फुटला.

हेटीटोल्याची वाट सागाच्या आणि मोहाच्या झाडांमधून जाते. एरवी डोक्यावर ओझं असलं तरी मनकर्णा सावकाश चालायची. आज विशाखाला तिच्यामागे पळावं लागत होतं. चौथीत असताना मनकर्णाचा वर्गात पहिला नंबर आला होता. पण तिच्या माहेरी पाचवी नव्हती, आणि पोरीला परगावी कोण ठेवणार? शाळा सुटली, मग मोहफुलं, तेंदूपानं, धानाची रोवणी, लग्न. त्याचं तिला वाईटही वाटलं नव्हतं. सगळ्याच पोरींचं तसं होत होतं. आज मात्र कोणीतरी झाकण उघडावं तसं झालं होतं.

"आई, तू खरंच जाशीन?"

"तू इंग्रजी घेशीन का, थे सांग अगोदर."

"मले तं घ्यावंच लागते. तू घेशीन?"

"लोक म्हणतीन, सोड. मोठेपणी जीभ वळत नाई म्हणते."

विशाखा वाटेतच थांबली. "नको सोडू. मी अडली तं मंग कोणाले इचारू?"

घरी पोचल्या पोचल्या दोघींनी चुलीतला कोळसा घेतला आणि अंगणातल्या भिंतीवर आपापला अभ्यास मांडायला घेतला. एका बाजूला विशाखाचे विषय, दुसऱ्या बाजूला आईचे. गणित, मराठी, भूगोल. इंग्रजीपुढे विशाखानं एक फूल काढलं. मनकर्णानं 'इतिहास' लिहिलं. वेलांटीपाशी हात अडला, तिनं ती पुसली आणि पुन्हा काढली. इतक्या वर्षांनी अक्षरं हातातून बाहेर येत होती, आणि ती येताहेत हे पाहून तिला हसू आवरत नव्हतं.

तिची सासू केसरबाई काठी टेकत बाहेर आली. "भित कालच सारवली ना वो! पोट्टी तं पोट्टी, तू पण?"

मनकर्णानं सगळं सांगितलं. केसरबाईनं ऐकून घेतलं आणि काठी जमिनीवर आपटली. "पोरीले वसतिगृहात टाक, मी नाई म्हणत नाई. पण तू? घरचा माणूस सोडून चांद्याले राह्यशीन? लोकं का म्हणतीन?" चंद्रपूरला ती अजून चांदाच म्हणायची.

संध्याकाळी श्रावण लाकूड डेपोतून आला. दिवसभर ओंडके उचलून त्याचे खांदे लाल झालेले असत. त्यानं भिंत पाहिली, ऐकलं, आणि जेवायला बसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. हंगाम सुरू झाला. मनकर्णा पहाटे रानात जायची, दुपारी सावलीत बसून पानांचे पुडे बांधायची. पुडे बांधता बांधता पाढे म्हणायची. हंगामापुरतं डेपोचं काम सोडलेला श्रावण शेजारी बसून मुकाट्यानं पानं लावून द्यायचा. त्याची ती गप्प राहण्याची सवय तिला ठाऊक होती. पण या वेळी तो गप्पपणा तिला सोसवत नव्हता. नाही म्हणाला असता तर ती भांडली तरी असती.

मग एका बाजाराच्या दिवशी धानोऱ्यात कनीजबाई भेटल्या. भाजीच्या दुकानासमोरूनच त्यांनी हाक मारली.

"तुमचे मालक येऊन गेले ना माझ्याकडे! सांगितलं नाही?"

"कोण? विशाखाचे बाबा?"

"सायकल घेऊन आले होते. बसा म्हटलं तर बसेनात, दारातच उभे. काय काय विचारत होते! चंद्रपूरच्या त्या जागेत पाणी नळाचं की विहिरीचं? रात्री फाटक लावतात का? हिला तिखट लागतं, तिथे देतात का? मधूनमधून भेटायला येऊ देतात का?" कनीजबाई हसल्या; मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि जाताना एक विचारलं. म्हणाले, मी शाळेत गेलोच नाही. ही शिकून आली, तर माझ्याशी बोलायची हिला लाज तर नाही वाटणार?"

मनकर्णाच्या हातातली पिशवी कलली. दोन टमाटे रस्त्यावर घरंगळले.

"मंग तुमी का सांगतलं, बाई?"

"मी काय सांगणार? म्हटलं, ते तिलाच विचारा."

त्या संध्याकाळी श्रावण अंगणात पाय धूत होता. मनकर्णा तांब्यानं त्याच्या पायांवर पाणी ओतत होती. काय बोलायचं ते ती वाटभर जुळवत आली होती. आता त्यातलं काही आठवेना.

"ऐकून राह्यले का?" ती म्हणाली. "मले इंग्रजी आलं तरी तुमच्यासंगं भांडन मराठीतच करीन."

श्रावणनं मान वर केली. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याचा पाय निसटला आणि तो त्या ओल्या जागेतच बसला.

"बाईनं सांगतलं का तुले?"

"तुमी काऊन नाई इचारलं मले?"

"लाज वाटते म्हणशीन का नाई म्हणून निंगून जाशीन, दोन्हीचंच भेव वाटे," तो म्हणाला. "तू जाय. माय अन् मी, राहून घेऊ."

पडवीतल्या खाटेवरून केसरबाई सगळं ऐकत होती. ती उठून बसली. मग म्हणाली, "छप्पनच्या साली मी चांद्याले गेलो होतो, बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायले. हा श्रावण माह्या कडेवर. बैलबंडीत जागा नोयती तं अर्धी वाट पायी. माही सासू म्हणे, घरची बाई कुठी चालली? लोकं का म्हणतीन?"

"मंग?" विशाखानं विचारलं.

"मंग का? गेलो." केसरबाईनं अंगावरची चादर झटकली. "तीस वर्षं झाली. आता मीच सासूवानी बोलून राह्यलो. जाय वो मनकर्णा. सैपाक मले येते अजून."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते कोणालाच कळलं नाही. टोल्यावरच्या बाया येऊन विचारायच्या, खरंच जातेस का, आणि जाताना एखादीनं काहीतरी हातात ठेवलेलंच असायचं. कोणी वाळवलेली मोहफुलं, कोणी लोणचं. शेजारची बुधरी गोंडीत काहीतरी म्हणाली आणि मग मराठीत समजावून सांगितलं, "सुटीत आली का मलेही सही शिकव." मनकर्णानं तिथल्या तिथं मातीत काडीनं बुधरीचं नाव लिहून दाखवलं. बुधरी त्या अक्षरांभोवती फिरून सगळीकडून पाहत राहिली आणि कोंबड्यांना तिकडे फिरकू देईना.

शाळा उघडल्या. विशाखाला धानोऱ्याच्या वसतिगृहात सोडलं तेव्हा मनकर्णाला वाटलं होतं, पोर रडेल. पोर रडली नाही. पुस्तकपेढीतली पुस्तकं छातीशी धरून ती फाटकातून ओरडली, "आई, आधी कोण इंग्रजीत नाव लिहिते, पाहू!" आणि पळतच आत गेली. एसटीत बसल्यावर मनकर्णाच्याच डोळ्यांना धार लागली. श्रावण पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बाहेर पाहत राहिला. गडचिरोली गेली, वैनगंगा मागे पडली, मूल गाव गेलं. चंद्रपूरचा जुना किल्ला, त्याच्या दरवाजाची कमान दिसली तेव्हा ती डोळे पुसून खिडकीला टेकून बसली आणि दुकानांवरच्या पाट्या मोठ्यानं वाचू लागली. पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहायला लागली. श्रावण म्हणाला, "वाच, वाच."

मंडळाच्या फाटकाशी चौकीदारीण म्हणाली, "भाऊ, माणसांना आत नाही येता येत." श्रावणनं पेटी खाली ठेवली.

"मायले सांगजा, औषध येळेवर घ्या म्हणा," मनकर्णा म्हणाली.

"हो."

"अन् तुमी जेवत जा."

"तू जाय ना. साळेले उशीर होते."

वर्ग पहिल्या मजल्यावर होता. तिच्याएवढ्या, तिच्याहून मोठ्या बाया बाकांवर दाटीनं बसल्या होत्या. कोणी सिरोंच्याची, कोणी मूलची, एकीचे केस तर पांढरे झालेले. कोणी पाटीचा कोपरा चाचपत होती, कोणी उगाच हसत होती. मनकर्णाला खिडकीजवळची जागा मिळाली. बाकाला तिचे गुडघे लागत होते.

खाली रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. टपरीच्या बाकड्यावर श्रावण बसला होता, डोक्याचं पागोटं सोडून मांडीवर घेतलेलं. परतीच्या गाडीला वेळ होता. चहा त्याच्यासमोर तसाच होता. तो वर पाहत होता, पण कुठल्या खिडकीकडे पाहायचं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून सगळ्याच खिडक्यांकडे आळीपाळीनं पाहत होता.

मनकर्णाचा हात खिडकीबाहेर जायला निघाला. एवढ्यात बाई आत आल्या. सगळ्या बाया खडखडाट करत उभ्या राहिल्या, बसल्या. बाईंनी फळ्यावर पहिलं इंग्रजी अक्षर काढलं: दोन तिरप्या रेघा, मध्ये एक आडवी. झोपडीच्या छपरासारखं दिसणारं.

मनकर्णानं पाटी पुढे ओढली. पहिली रेघ वाकडी आली. दुसरी बरी आली. आडवी रेघ तिनं जीभ दातांत धरून काढली, मग पूर्ण अक्षर पुन्हा, पुन्हा, पाटी भरेपर्यंत.

तिनं मान वर केली तेव्हा टपरीवरचं बाकडं रिकामं होतं. चहावाला ग्लास विसळत होता. मनकर्णानं क्षणभर रस्त्याकडे पाहिलं, पदरानं पाटी पुसली, आणि फळ्याकडे तोंड केलं.