शेकाच्या पिशवीत बर्फ

सन २०२३, जानेवारीतली कडाक्याची थंडी. मी शेकायची पिशवी. लाल रबराची, घट्ट बुचाची. गळणं माझ्या स्वभावात नाही.

विमलाबाईंनी मला बुधवार पेठेतून कर्वेनगरच्या घरी आणलं, मुलीसाठी. नम्रता बालवाडीत शिकवायची. पायांना मुंग्या यायच्या, एका डोळ्यापुढे धुकं, चालताना तोल जायचा. एका मोठ्या डॉक्टरांना तिनं विचारलं होतं, "मल्टिपल स्क्लेरोसिस तर नसेल?"

"तो थंड देशांतला आजार. अशक्तपणा आहे. लग्न करून टाका."

वडिलांना, महिपतरावांना, ते पटलं. "आपण वाशिमच्या उन्हात वाढलेली माणसं. आपल्याला कसा होईल?"

मग घरच्यांच्या मते तो वात ठरला. मला रोज कढत पाण्यानं भरून तिच्या पायांवर ठेवायचे, वर गोधडी. पाय आणखी लुळे पडायचे.

"आई, नको. जड होतात."

"वात निघून राहिला वं नमू, सोस."

"निघून कुठं चाललाय? पत्ता विचारून ठेव."

असं वर्ष गेलं. मग ती वर्गात, मुलांसमोर कोसळली. तिचा वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला.

दुसऱ्या डॉक्टर, हेमाताई, यांनी एमआरआय काढायला लावला. तोच आजार निघाला. त्या म्हणाल्या, "युरोपापेक्षा आपल्याकडे कमी आढळतो. कमी म्हणजे नाही, असं कुणी सांगितलं? शेकानं आजार वाढत नाही, त्रास तेवढ्यापुरता वाढतो. पण औषध लवकर सुरू व्हायला हवं होतं."

सलाईनमधून स्टिरॉइड दिलं. मग ठरलेल्या दिवशी इंजेक्शन. त्यानं आजाराला आळा बसतो, गेलेलं परत येत नाही. उजव्या पायातलं बळ गेलं ते गेलंच.

विमलाबाईंनी राग काढला माझ्यावर. भंगाराच्या पोत्यात टाकलं. मला. त्या मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी अजून रांग असते.

नम्रतानं मला पोत्यातून ओढून काढलं. "हिला कुणी विचारलं होतं का? राहू दे. बर्फाला होईल."

या एप्रिलात बालवाडीच्या मुख्य बाईंचा निरोप आला. "मुलांच्या कार्यक्रमात शेवटपर्यंत उभ्या राहिलात, तर जूनपासून वर्ग तुमचा."

कार्यक्रमाच्या दिवशी वर पत्र्याचं छत, भर दुपार. उकाड्यात तिचे पाय हमखास दगा देतात. मी तिच्या मानेवर, ओढणीखाली, बर्फाच्या पाण्यानं भरलेली. गाणी संपता संपेनात. तिचा उजवा गुडघा थरथरला. मी मानेला घट्ट चिकटून राहिले. थेंब गळू दिला नाही.

शेवटचं गाणं झालं तेव्हा ती उभी होती.

तिनं मला पोत्यातून काढलं होतं. फेड झाली.