उलट्या आट्यांची टोपी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा, दोन फाकांचा, मिटला की मुठीएवढा. क्युबातल्या कामाग्वेय गावात, एका घराच्या मागच्या पडवीत, वितळलेलं प्लास्टिक दाबणाऱ्या हातयंत्राखाली माझी जागा आहे. माझ्या पोटातून टेबलपंख्याची टोपी निघते. पंख्याचं पातं दांड्यावर घट्ट धरून ठेवते ती. ती फुटली की पातं सुटून जाळीवर आदळतं. आमच्याकडचा ऑगस्ट पंख्याशिवाय काढून बघा, म्हणजे माझी किंमत कळेल.

त्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशीही मला घडवणाऱ्या एलिहिओ मास्तरांनी मला उघडून टोपी काढली, गरम म्हणून या हातातून त्या हातात झेलली आणि मुलीपुढे धरली.

"कशी झालीय?"

ओदालिस वाचनालयात नोकरी करते. ती दारात उभी राहून कॉफी पीत होती. "बरी आहे."

"बरी म्हणे. जास्त बोललं तर जीभ दुखेल राणीसाहेबांची."

"टोपीच आहे, पपा. कविता नाही."

"कवितेनं वारा येतो का, सांग."

दोघंही हसली. हे त्यांचं रोजचंच होतं.

माझा जन्म भाताच्या एका भोक पडलेल्या पातेल्यातून झाला. मास्तरांनी आधी लाकडाची टोपी कोरली आणि तिच्याभोवती कागदाचा एक वेढा दिला. शेजारच्या रिगोबेर्तोनं विचारलं, "थंडी वाजते काय तिला?"

"प्लास्टिक निवताना अंग चोरतं," मास्तर म्हणाले. "कपडा आधीच थोडा ढगळ शिवावा लागतो."

मग तो नमुना ओल्या वाळूत दाबून त्यावर वितळलेलं पातेलं ओतलं. पुढे कित्येक दिवस ते मला कानशीनं घासत होते. एकदा छोट्या ओदालिसनं मागून त्यांच्या गळ्यात हात टाकले, कानस घसरली आणि माझ्या आत एक ओरखडा पडला. मास्तरांनी तो राहू दिला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक टोपीवर केसासारखी एक उभी रेघ उमटते.

प्लास्टिक गिऱ्हाइकानंच आणायचं, अशी आमची रीत. फुटकी बादली, खुर्चीचा पाय, शाम्पूची बाटली, काहीही. त्यामुळे आमच्या गल्लीत हिरव्या, लाल, दुधी टोप्या फिरतात. टोपीचे आटे उलटे असतात. पातं पुसायचं म्हणून लोक सवयीनं डावीकडे पिळतात आणि टोपी तडकते. पलीकडच्या घरातली सोइला तर दर उन्हाळ्यात यायची. "उघडायला उजवीकडे, सोइला," मास्तर म्हणायचे. "सांगून सांगून माझे दात पडले."

"दात म्हातारपणानं पडले. मला कशाला नावं ठेवता?"

रिगोबेर्तोनं एकदा माझीच टोपी वाळूत दाबून गुपचूप दुसरा साचा केला. त्याच्या टोपीवर माझी रेघ आली, पण माप आलं नाही. ती दांड्यावर चढेना. मास्तरांनी ती उन्हात धरून पाहिली. "ही रेघ! माझी पोरगी तुझ्या घरी कधी खेळायला आली होती रे?" रिगोबेर्तो ओशाळला. मग मास्तरांनी त्याला रम पाजली आणि कागदाचा वेढा कसा द्यायचा तेही दाखवलं. नक्कल करावीशी वाटावी असं माझ्यात काही आहे, याचा मला आजही अभिमान आहे.

त्याच शेवटच्या संध्याकाळी सोइला निळ्या बादलीचा तुकडा ठेवून गेली. तिची लेक तान्हं बाळ घेऊन दवाखान्यातून घरी येणार होती. "सकाळी टोपी घेऊन जा," मास्तर म्हणाले. त्या रात्री झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

सोइलानं टोपीचं नाव काढलं नाही. बाळाला ती पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. माझ्यावर धूळ बसली. मग एक दिवस रिगोबेर्तो आला. "साचा मला दे, पोरी. तू पुस्तकांतली माणूस. इथे तो गंजून जाईल."

अ‍ॅल्युमिनियम तसं गंजत नाही, पण मला बोलता कुठे येतं?

ओदालिसनं यंत्राशेजारचा निळा तुकडा उचलला. "पपांनी सोइलाला शब्द दिलाय. आधी तो पुरा होऊ दे. मग साच्याचं बघू."

तिनं त्याचे तुकडे केले, यंत्राच्या नळीत घालून तापवले, दाबाचा दांडा खाली ओढला. टोपी अर्धीच भरली. एक बाजू चंद्रकोरीसारखी.

"घाई केलीस," रिगोबेर्तो म्हणाला. "दाबून धर. आतलं निवेपर्यंत हात सोडायचा नाही."

दुसऱ्यांदा तिनं सगळा भार दांड्यावर टाकला. आतलं निवेपर्यंत धरून राहिली. माझं पोट काठोकाठ भरलं. तिनं मला उघडलं, टोपीत आटे पाडणारी खुंटी उजवीकडे पिळून सोडवली. निळी टोपी. तिच्यावर ती रेघ. ओदालिस तिच्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

रिगोबेर्तोनं टोपी बाळाच्या पंख्यासाठी सोइलाकडे न्यायला घेतली. मला मात्र त्यानं हात लावला नाही. "तो इथेच शोभतो," एवढंच म्हणाला. ओदालिसनं मला पुसून तेलाचा हात दिला.

मित्रांनो, काम झालं की साच्याला पुसून तेल लावून ठेवावं. आणि काम करणारा माणूस समोर आहे तोवर, त्याचं काम कसं झालंय ते त्याला सांगून टाकावं. आम्हा वस्तूंना एवढंच कळतं.

तिनं उरलेल्या निळ्या प्लास्टिकची आणखी एक टोपी काढली. गरम म्हणून या हातातून त्या हातात झेलली आणि मास्तरांच्या रिकाम्या स्टुलापुढे धरली.

"फार सुंदर झालीय, पपा," ती मोठ्यानं म्हणाली. "पहिल्यापासून सगळ्याच."