मच्छिंद्र सरांची ओळखपरेड

“व्हय, ह्योच पोरगा आला हुता,” दगडोबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. त्यांनी झिशानला जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं ते मघाशी, कॉलेजच्या नळावर पाणी पिताना.

मच्छिंद्र सरांनी चष्मा पुसला. पुढ्यात झिशानचा प्रकल्प उघडा होता. “आबा, यात तुम्ही म्हणालाय, मी सासरी आले तेव्हा सासूनं फार छळलं.”

दगडोबांनी जरा विचार केला. “म्हनलो आसंन,” ते म्हणाले. “लई वर्सं झाली त्याला.”

झिशान पास झाला.

दोन हजार दोन साल असेल. सर आमच्या शिरूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायचे. म्हणजे सरांना पगार कमी आणि आम्हाला भीती त्याहून कमी. शेवटच्या वर्षाला ‘ग्रामीण वृद्धांचे जीवन’ असा प्रकल्प असायचा. तो एसटी स्टँडाजवळ मुजीबच्या कॉम्प्युटरवर तयार मिळायचा. मुजीब फक्त वरचं नाव बदलायचा. आत न्हावऱ्याच्या ताईबाई, वय बहात्तर, नेहमीसारख्याच आपली सुखदुःखं सांगत असायच्या. कित्येक वर्षं त्या बहात्तरच्याच होत्या.

दरवर्षी न कंटाळता पोरांशी बोलणाऱ्या या बाईंचा सरांना फार आदर वाटला. एक दिवस साडीचोळी घेऊन ते लुनावरून न्हावऱ्याला गेले. ताईबाई भिंतीवर होत्या, फोटोला हार होता. आम्ही शाळेत होतो तेव्हाच त्या वारल्या होत्या. मुलाखती मात्र त्यांनी थांबवल्या नव्हत्या. सरांनी साडी त्यांच्या सुनेच्या हातात दिली आणि परत आले. वाटेत लुना बंद पडली, तर निम्मा रस्ता पायडल मारत आले.

दुसऱ्या कुणी आम्हा सगळ्यांना नापास केलं असतं. सरांनी पद्धत काढली. ज्याच्याशी बोललात त्याचं खरं नाव आणि गाव लिहायचं. तोंडी परीक्षेला सर स्वतः कार्ड टाकून त्या माणसाला बोलावणार. त्यानं पोराला ओळखलं तर मार्क, नाही म्हणाला तर प्रकल्प रद्द आणि वर्ष गेलं. आम्ही तिला ओळखपरेड म्हणायचो.

पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. फक्त, सर स्वतः वरवंडचे असूनही एक गोष्ट विसरले. आपल्याकडचा म्हातारा माणूस कॉलेजच्या चार माणसांत, हातात चहाचा कप असताना, कुणाचं पोर खोटं बोलतंय असं सांगेल का? ती मंडळी इस्त्रीचे कपडे घालून आली होती. खुर्चीवर बसायच्या आधी शिपायाला एवढंच विचारत होती, की न्हाई म्हनलं तर पोराचं काय हुतंय. वर्ष जातंय म्हटल्यावर सगळ्यांना सगळं आठवायला लागलं. आम्ही तर नवीन काही लिहिलंच नव्हतं, ताईबाईंच्या जागी ज्याचं त्याचं नाव घातलं होतं. एका आजीनं तर आपल्या वाट्याचा पोरगा ओळखलाच, वर शेजारच्याचाही ओळखून टाकला, त्याची आजी बसमध्ये अडकली होती म्हणून.

दुपारपर्यंत सरांचा चेहरा सुकत गेला. मग निखतचा नंबर आला.

निखत दौंडहून रोज एसटीनं यायची. वडील, महबूबभाई, रेल्वेत. यंदा पास झाली तर बी. एड., नाहीतर घरी बसायचं, असं घरात ठरलेलं. मुजीबच्या दुकानाची पायरी न चढलेली वर्गात ती एकटीच. तिच्यासाठी न्हावऱ्याचे तात्याबा आले होते. पांढरं स्वच्छ धोतर, मांडीवर पिशवी. बाकावर त्यांच्या शेजारी गावातलीच पाचसहा माणसं, त्यांत दगडोबाही.

“आबा, ही आली होती तुमच्याकडे?” सरांनी विचारलं. आवाजात आशा होती.

तात्याबांनी निखतकडं पाहिलं. मग बाकावरच्या माणसांकडं पाहिलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “ह्या पोरीला म्या कवाच बघितलं न्हाई.”

त्या दिवसातला पहिला नकार. सर खुर्चीत ताठ झाले, पद्धत चालली म्हणून. त्यांनी घाईनं प्रकल्प उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले, “तात्याबा, वय अडुसष्ट. भेटीचे ठिकाण, दौंड स्टेशन...”

तिथं ते थांबले. पुढचं मनात वाचलं. मी मागेच उभा होतो, म्हणून मलाही वाचता आलं. तात्याबा अधूनमधून पुण्याला ईश्वरकडे, म्हणजे मुलाकडे जातो असं सांगून गावातून निघत. दौंडला उतरत. दोन रात्री फलाटावर काढत, बाजारातून पेढे घेत आणि पोरानं दिले म्हणून गावात वाटत. ईश्वरनं येऊ नका म्हणून सांगितल्याला बरीच वर्षं झाली होती. वडिलांना डबा द्यायला येणाऱ्या निखतनं त्यांना फलाटावर पाहिलं, बोलतं केलं. गावात खरं का सांगत नाही, असंही विचारलं. त्यावर तात्याबा म्हणाले होते, गावात त्याचं नाव चांगलं हाय, ते माझ्या तोंडानं कशाला घालवू.

“वाचा की मोठ्यानं,” दगडोबा म्हणाले. “काय लिव्हलंय आमच्या तात्याबाचं?”

तात्याबा पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते.

निखत उठून उभी राहिली. “सर, नका वाचू. मी गेलेच नव्हते. सगळं मनानं लिहिलंय.”

आमच्या अख्ख्या वर्गात चोरी कबूल करणारी ती एकटी निघाली.

सरांनी प्रकल्प मिटला. मग म्हणाले, “आठ दिवसांत दुसरा आणून दे.”

तिनं दिला. मुजीबकडून आणलेला, ताईबाई, वय बहात्तर. सरांनी तो पान न उलटता तपासला आणि वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले. पुढच्या वर्षी ओळखपरेड झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सरांना तासिकाच मिळाल्या नाहीत. आता म्हणे कॉम्प्युटरच सांगतो, पोरानं किती उतरवलंय ते. बरंच आहे. त्याला कार्ड टाकून बोलवावं लागत नाही आणि चहाही लागत नाही.

पण ओळखपरेडच्या त्या संध्याकाळचं राहिलंच. सर पाहुण्यांना पोचवायला स्टँडावर आले होते. दौंड गाडी लागली. न्हावऱ्याची मंडळी चढली, त्यांच्यात तात्याबाही.

“न्हावऱ्याला उतरायचं न्हाई मला,” ते मोठ्यानं म्हणाले. “म्होरं जातो, पुन्याला. पोराकडं.”

“आरं, पुन्याची गाडी ही काय उभी हाय,” दगडोबांनी बोट दाखवलं. “दौंडावरनं कशाला उलटा जातूस?”

तात्याबांनी पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली.

“रेल्वेच बरी,” सर खिडकीखालून म्हणाले. “पुण्याच्या गाडीला फार गर्दी असते. आबा, ईश्वररावांना माझा नमस्कार सांगा.”

“सांगतो की,” तात्याबा म्हणाले.

निखत रोजच्यासारखी शेवटी चढली. गाडी भरली होती. ती दांडा धरून उभी राहिली. तात्याबांनी शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकले.