झाकलेली विहीर

ब्राह्मीनं गाळणं मोरीत झटकलं आणि पद्मावती कडाडली, "विहिरीतलं जीव हायत गं ते. मोरीत टाकलंस?"

"मग कुठं सोडू, आत्ती? मामंजींनी विहीर झाकलीया की."

पोरीचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं तिच्या सासऱ्याचं, पद्मावतीच्या धाकट्या भावाचं, नेमिनाथचं.

जाणतेपण यायच्या आत विधवा होऊन पद्मावती निपाणीला माहेरी परतली, तेव्हा आईनं तिच्या हाती गाळणं दिलं. पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, फडक्यावर राहिलेले पाण्यातले बारीक जीव बादलीनं पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडायचे. लग्नकार्यात तिला कुणी पुढं येऊ देत नसे, पण तिनं गाळलेल्या पाण्याशिवाय या जैनाघरी चूल पेटत नव्हती. जगायला तिला तेवढं पुरलं होतं.

आणि नेमिनाथनं तिला न विचारता विहिरीवर फरशी टाकून पंप बसवला. वर बाजारभर सांगत सुटला, आक्काचे कष्ट संपवले म्हणून. मोठा उपकारच केला!

त्या दिवशी पद्मावतीनं पाण्याला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी नेमिनाथ तंबाखूच्या वखारीतून तणतणत आला. बस्तीत, जैन मंदिरात, लोक विचारत होते, बहिणीनं कशाचा उपास धरलाय.

"उपास कुणी धरलाय? मला लई तहान लागलीया," ती म्हणाली. "पर हे पाणी घशाखाली उतरत न्हाय."

"एका फडक्यापायी घर डोक्यावर घेतलंस व्हय, आक्का?"

"तुला बायको हाय, पोरं हायत, वखार हाय. मला ते फडकंच हुतं रं. तेबी काढून घेतलंस."

नेमिनाथ खाली बघत म्हणाला, दिवाळीनंतर गवंडी बोलावून फरशीला तोंड पाडू. दिवाळी! पद्मावती उठली, गोठ्यातली पहार उचलून परसात गेली आणि फरशीच्या कोपऱ्यावर घाव घालू लागली. नेमिनाथ ओरडत राहिला, पण तिच्या जवळ जायची त्याची छाती झाली नाही. कोपरा तुटला आणि धाडकन पाण्यात पडला.

तो आवाज ऐकून पद्मावतीच्या हातातली पहार गळाली. ज्यांच्यासाठी भांडली, त्यांच्याच अंगावर तिनं दगड टाकला होता. तिला नेमिनाथचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

ब्राह्मीनं पाणी गाळून तांब्या पुढं केला.

"आज न्हाय," पद्मावती म्हणाली. "आता खरा उपास. दगडाखाली गेलेल्यांचा."

मग तिनं ब्राह्मीच्या हातून गाळणं घेतलं, बादलीत उलटं धुतलं आणि फुटक्या कोपऱ्यातून बादली पाण्याला टेकेपर्यंत सावकाश खाली सोडली.