कोऱ्या कागदावरचा नेम

दाढ काढताना दातांच्या डॉक्टरीणबाईंचा हात कधी हलला नव्हता, पण नेमबाजीचं पिस्तूल धरलं की दहा गोळ्यांत शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी गुणांच्या पुढे गाडी सरकेना. शेवटी त्यांना शिकवणाऱ्या भाचीनेच निशाण्याचा कागद उलटा, कोरी बाजू पुढे करून लावला.

"मावशी, तू काळ्या ठिपक्याकडे बघत बसतेस. नजर पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीवर, नेम धरायच्या त्या बारक्या खुंटीवर ठेव."

"अगं, मग नेम कशावर धरू?"

"कशावरच नाही. नुसता चाप हळू दाब."

तीन आठवडे बाई कोऱ्या कागदावर गोळ्या झाडत राहिल्या. विखुरलेली छिद्रं हळूहळू एकमेकांना खेटू लागली. स्पर्धेत काळा ठिपका समोर आला, तरी त्यांची नजर माशीवरून ढळली नाही. पंच्याण्णव!

"आणि शंभर कधी?" भाचीने डिवचलं.

"पुढच्या खेपेला," बाईंनी ठणकावून सांगितलं.