पृथ्वीचा ताप आणि तीन खाती

मिल बंद पडून वर्ष होत आलं होतं, तरी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलची झांकी, म्हणजे हलत्या पुतळ्यांचा चित्ररथ, निघणार, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. दुमत बाकी सगळ्याबद्दल होतं.

विषय मालोजीने सुचवला. मालोजी मिलच्या वर्कशॉपमधला फिटर. आजवर झांकीतल्या देवादिकांचे हात, राक्षसांच्या माना आणि हत्तीची सोंड त्यानेच हलवलेली. जूनमध्ये ब्राझीलला साऱ्या देशांचे पुढारी जमले आणि पृथ्वी तापतेय यावर एकमत करून आपापल्या घरी गेले, हे त्याने पेपरात वाचलं होतं. त्याला चित्रच दिसलं. पृथ्वी खाटेवर पडलीय, तोंडात थर्मामीटर, आणि देश वाकून तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवताहेत.

एकेका खात्याला एकेक देश वाटून दिला. सूत काढणाऱ्या साचेखात्याला अमेरिका, विणणाऱ्या मागखात्याला भारत, रंगखात्याला युरोप. आपला पुतळा आपण करायचा आणि त्याला वाकवायची दोरीही आपणच ओढायची. उभा जन्म मिलमध्ये काढून मालोजीने ही चूक केली.

पहिल्या तालमीला शिट्टी वाजली. तिन्ही देश ताठ.

"नंदूभिया, ओढा की," मालोजी म्हणाला.

"पहले मागखातं," साचेखात्याचा नंदू म्हणाला. "आम्ही आधी वाकलो तर लोक म्हणतील, गलती यांचीच होती."

"होतीच," मागखात्याचा धोंडिबा म्हणाला. "तुमचं सूत धड असतं तर आमचे माग चालू असते. आणि भारताने कायको वाकायचं? इतकी वर्षं धूर किसने किया?"

"तू पृथ्वीबद्दल बोलतोय का मिलबद्दल?"

"दोन्हीबद्दल."

रंगखात्याच्या रत्नपालने तोडगा काढला. युरोप वाकायला केव्हाही तयार आहे, बाकीचे दोघं वाकले की लगेच. त्याने तसा ठरावच मांडला. ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्या वाजल्या, आणि सगळे चहाला गेले. पृथ्वी थर्मामीटर चघळत पडून राहिली.

एरवी मालोजीलाही हसू आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरवणूक समितीचे साहेब तपासणीला येणार होते. पुतळे हलले नाहीत तर झांकी निघणार नव्हती, आणि एक वर्ष निघाली नाही की मिरवणुकीतला पिढ्यान्‌पिढ्यांचा नंबर गेला. त्यावर एक सळया-सिमेंटवाला टपून बसला होता. त्याचा रावण इंपोर्टेड मोटरवर हसायचा. मिल तर गेलीच होती. नंबर तेवढा उरला होता.

सकाळीच मालोजी सियागंजाच्या बाजारातून पुली घेऊन आला. झांकीच्या ट्रॉलीखाली त्याने आपली जुनी सायकल ठाकठोक करून बसवली आणि तिन्ही पुतळ्यांच्या तारा गुपचूप तिला जोडल्या. मग एकेकाला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "दोरी नुसती धरा भिया, ओढू नका. बाकीचे दोघं तुमच्या आधी वाकतील, मी बंदोबस्त केलाय." तिघांनाही हे आपलंच गुपित वाटलं, म्हणून मिलच्या इतिहासात प्रथमच एक गुपित संध्याकाळपर्यंत टिकलं.

साहेब आले. जनरेटर सुरू झाला आणि त्याचा धूर सरळ पृथ्वीच्या नाकात गेला. ट्रॉलीखाली मालोजीने पायडल मारलं. तीनही देश हळूच, एकदम वाकले, पट्ट्या ठेवून उठले, पुन्हा वाकले.

"वा," साहेब म्हणाले. "पहले कौन झुका?"

"अमेरिका, साहेब," नंदू म्हणाला. "पहल हमारी ही थी."

"भारत," धोंडिबा म्हणाला. "यांना विचारा, काल मी काय सांगत होतो."

"मूळ ठराव युरोपचा," रत्नपाल म्हणाला.

साहेबांनी मंजुरी दिली आणि ते निघून गेले. नंबर राहिला. भांडणही राहिलं, आणि ते इतकं रंगलं की मालोजीच्या पोटरीत गोळा येऊन पायडल थांबलं तेव्हाच तिघांनी वर पाहिलं. देश ताठ उभे होते. मग तिघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. तिन्ही दोऱ्या सैल लोंबत होत्या.

ट्रॉलीखालून ग्रीसने माखलेलं डोकं बाहेर आलं.

"चतुर्दशीला सगळा रस्ताभर हे माझ्या एकट्याच्या पायाने होणार नाही," मालोजी म्हणाला. "आळीपाळीने बसावं लागेल. आधी कोण बसतं?"

नंदूने धोंडिबाकडे पाहिलं, धोंडिबाने रत्नपालकडे. रत्नपाल मनातल्या मनात ठराव लिहू लागला.

मालोजीने पोटरी चोळली. "एक सांगायचं राहिलंच," तो म्हणाला. "चारी बाजूंनी पडदा आहे. आत कोण बसलंय, ते बाहेरून कुणालाच दिसत नाही."

तिघांनी जरा विचार केला. मग अमेरिका, भारत आणि युरोप एकदमच ट्रॉलीखाली वाकले.