आठ अठव्यांची पायली

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. रिसोडला गुलाम नबींच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात, तुटक्या पट्ट्यांच्या खोक्यात, सध्या माझा मुक्काम आहे. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे आणि पाठीवरच्या एका भोकात कोळ्याने घर केले आहे. हसू नका. एके काळी बाहेरगावचे सारे काही या दुकानात माझ्यातूनच येत असे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. शेकडो भावंडांबरोबर खोक्यात बंद होतो. खरे आयुष्य सुरू झाले ते गुलाम नबींनी टेलिफोनची तार माझ्यात खोचली तेव्हा. माझे हिरवे दिवे लागले आणि तारेतून पहिली कुजबुज आली. अजूनही कधी कधी ती ऐकू आल्यासारखी वाटते. मग लक्षात येते, आता माझ्यात तारच नाही.

माझी लाइन पाचशे बाराची होती, म्हणजे सेकंदाला पाचशे बारा किलोबिट. गुलाम नबींनी हा आकडा कागदावर लिहून माझ्या डोक्यावर चिकटवला होता. आल्यागेल्याला ते तो दाखवत आणि मीही जरा फुगत असे. याच आकड्याने एका दुपारी माझी अब्रू जायची वेळ आणली.

त्या दुपारी रिठदहून रुख्मिणीबाई आल्या. त्या बाजारात हरभऱ्याची डाळ विकत. त्यांचा मुलगा पवन मालवाहू जहाजावर कामाला होता आणि पाच महिने त्यांनी त्याचे तोंड पाहिले नव्हते. एका बंदरातून त्याने स्वतःचा व्हिडिओ पाठवला होता, पण तो उतरवून घ्यायची मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत होती. जहाज पुन्हा समुद्रात गेले होते. आता दोन महिने काही येणार नव्हते. त्यात आमच्याकडे रोज चार ते सहा भारनियमन! दुकानातल्या चालू असलेल्या सगळ्या घड्याळांत साडेतीन वाजले होते.

"साठ एमबीची फाइल हाये," गुलाम नबी म्हणाले. "म्हणजे साठ हजार केबी. आन् लाइन पाचशे बाराची. दोन मिनिटांत पोरगा समोर, बाई!"

मी कामाला लागलो. दोन मिनिटे झाली, पाच झाली. दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावरची पट्टी निम्मीही भरली नव्हती आणि वेग दिसत होता चौसष्ट.

"पाचशे बाराची मशीन चौसष्टनं चालून राह्यली! सुस्त पडली," असे म्हणून गुलाम नबींनी मला बंद केले आणि पुन्हा चालू केले.

काय सांगू, मित्रांनो! जवळजवळ एक तृतीयांश पवन मी आणला होता. तो सगळा वाया गेला. पुन्हा पहिल्यापासून ओढायला लागलो, तर पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा तेच केले. मला तोंड असते तर त्या दिवशी मी नक्की शिव्या दिल्या असत्या.

तिसऱ्यांदा सुरू झालो तेव्हा चाराला अठरा मिनिटे कमी होती. पडद्यावर पुन्हा चौसष्टच आले आणि गुलाम नबींचा हात उठला. तेवढ्यात रुख्मिणीबाईंनी माझ्यापुढे आपला हात आडवा धरला.

"थांबा नबीभाई. काहून बंद करून राह्यले त्याले? तिन्ही वेळा चौसष्टच आलं. बिघडलेली चीज एवढी इमानदार नसते."

"पण लाइन तं पाचशे बाराची हाये!"

"पाचशे बारात चौसष्ट आठ वेळा बसते. आमच्या बाजारात आठ अठव्यांची एक पायली. तुमी लाइन अठव्यानं मोजली असन आन् फाइल पायलीनं. पह्यले माप पाहा."

अठवा म्हणजे धान्याचे लहान माप, पायलीचा आठवा भाग. बाईंनी नेमके ओळखले होते. लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचे वजन बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. पाचशे बारा किलोबिटला आठने भागले की चौसष्ट किलोबाइट. मी सुस्त नव्हतोच, पुरता धावत होतो! साठ हजाराला चौसष्टने भागले, तर साधारण सोळा मिनिटे लागणार होती. गुलाम नबींनी हिशेब केला, घड्याळाकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"एखादं मिनिट हातात हाये, बाई," ते हळूच म्हणाले.

माझ्यावरचा भार कमी व्हावा म्हणून त्यांनी पंखा बंद केला. पंख्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता, पण मला फार बरे वाटले.

चाराला दोन मिनिटे कमी असताना पट्टी भरली. पडद्यावर पवन आला, कपड्यांवर इंजिनाचे तेल आणि तोंडभर हसू. "वाळला," एवढेच म्हणून रुख्मिणीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तो काहीतरी सांगत असतानाच वीज गेली. तरी त्या बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

आता दुकानात नवा डबा आला आहे, शंभर एमबीपीएसचा. त्याला आठने भागा, तरी सेकंदाला बारा-साडेबारा एमबी! मला त्याचा हेवा वाटत नाही. खोटे कशाला बोलू, वाटतो. एकदा तरी कुणी माझ्यात तार खोचावी, कुणीतरी माझ्या दिव्याकडे बघत बसावे, असे फार वाटते. तुम्हाला एकच विनंती आहे, मित्रांनो. एखादा हळू चालतो असे वाटले, तर त्याचे बटण दाबण्याआधी आपण कोणत्या मापाने मोजतो आहोत ते तपासा.

हो, एक सांगायचे राहिले. त्या दुपारनंतर दोन महिन्यांनी, मी अजून कामावर असताना, पवनचा दुसरा व्हिडिओ आला, नव्वद एमबीचा. या वेळी गुलाम नबींनी "चोवीस मिनिटं" असे आधीच सांगून टाकले. रुख्मिणीबाई माझ्यासमोर ऐसपैस बसल्या आणि पवनच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत राहिल्या. पट्टी भरत आली तशी त्यांनी गोष्ट अर्धीच सोडली.

"नबीभाई, याले जरा हळू करता येते काय?"

"काहून?"

"तो येऊन राह्यला, तवरच बरं वाटते. एकदा आला की पाहून होते, आन् मंग घरी जा लागते."

मी आयुष्यात पहिल्यांदाच चौसष्टच्या खाली यायची धडपड केली. मला ते जमले नाही. बरोबर चोविसाव्या मिनिटाला पवन आला.